मी पास केलेलं घर

“लहानपणी मार खाल्लेली सगळी मुलं पुढे गुन्हेगार होतात का हो मॅडम?”

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, मयतीला गेले असताना विचारला गेला आहे, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना विचारला आहे. वर विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. लगेच म्हणतो, “आम्ही काय कमी मार खाल्ला? आम्ही कुठं चोऱ्या केल्या?” तर एकदाचं सांगून टाकते. नाही होत. बहुतेक मुलं नाहीच होत. पण जी माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसली, त्यांच्यात लहानपणी धड जवळ घेतलेलं माणूस क्वचित सापडलं. दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं, असा हिशेब करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, “सोप्या भाषेत लिहा, मधे मधे किस्से टाका.” किस्से! माझ्याकडे किस्से पोतंभर आहेत. एका घरफोड्यानं मला माझ्याच घराचं कुलूप कसं भिकार आहे ते समजावून सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मी ते बदललं. पण तसं काही लिहायला बसले की हात थांबतो. उठते, चहा ठेवते, चहा उतू जातो. एकच गोष्ट आहे जी मला बसू देत नाही. तीच सांगते.

आधी नोकरीचं. मी प्रोबेशन ऑफिसर होते. या नावानं मला आयुष्यभर छळलं. माझी मोठी जाऊ मी पंधरा वर्षं नोकरी केल्यावरही विचारायची, “काहून वं, अजून प्रोबेशनवरच ठेवलं का तुले? पर्मनंट नाही करून राहिले?” तर तसं नाही. एखादं मूल गुन्ह्यात सापडलं, किंवा मोठ्या माणसाचा गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा द्यायची की चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं असा प्रश्न पडला, की कोर्ट आम्हाला सांगतं, जा, याच्या घरी जाऊन बघून या. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, सोडलं तर सुधरेल का. आम्ही जायचं, बघायचं आणि अहवाल लिहायचा. पोलीस गुन्हा बघतात, वकील कायदा बघतो, आम्ही घर बघतो. आमच्या ऑफिसात म्हणायची पद्धतच होती, ‘घर पास’ नाहीतर ‘घर नापास’.

या गृहभेटीची एक रीत होती. ती आता सांगताना मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. आम्ही जाण्याआधी तिथल्या पोलीस ठाण्याला कळवायचो. ठाण्याचा शिपाई घरी निरोप द्यायचा, “उद्या बाई येनार हायेत.” म्हणजे घराला पुसून-पासून, पोरांना आंघोळी घालून, दारूची बाटली लपवून तयार व्हायला अख्खा एक दिवस. मग आम्ही जायचो, खुर्चीवर बसायचो, आणि घरातल्या मुलीनं केलेला चहा प्यायचो. चहा नाकारला तर घरच्यांचे चेहरे पडायचे, बाईनं घर नापास केलं म्हणून. चहा पिता पिता सगळ्यांसमोर त्या मुलाला विचारायचं, “काही त्रास आहे का घरी?” मूल म्हणायचं, “नाही.” आम्ही लिहायचो, ‘नाही’.

वंदना चौदा वर्षांची होती तेव्हा माझ्याकडे आली. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानांतून ब्लाउजपीस उचलणाऱ्या दोन बायांबरोबर सापडली होती. बाया दुकानदाराला कापडाचे गठ्ठे सोडायला लावायच्या आणि ही पोरगी फ्रॉकच्या आत माल कोंबायची. बाया नात्यातल्या नव्हत्या, बसस्टँडवर भेटलेल्या. आईवडील लहानपणीच गेलेले. कामठीला काका-काकूंकडे राहायची आणि तिथून पळून आली होती. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी होईस्तोवर मुलांना ठेवतात तिथं, मी तिला भेटले तेव्हा ती मला एकच वाक्य म्हणाली.

“म्याडम, मले इथंच ठेवा ना.”

आता बघा. तिथली प्रत्येक मुलगी घरी जायचं म्हणून रडते. वरणात पाणी, गादीत ढेकूण, तिथं राहायचं कुणाला असतं? आणि ही म्हणते इथंच ठेवा. माणसाच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी काय केलं? तिथल्या अधीक्षक बाईंकडे बघून हसले आणि म्हणाले, “बघा, तुमच्या हातचं वरण आवडलं वाटतं एकीला तरी.” आम्ही दोघी हसलो. वंदना हसली नाही.

मग मी कामठीला गेले, रीतसर, निरोप पाठवून. काकांचं नाव मनोहर. घरात पुढच्या पडवीत चार यंत्रमाग, मागं राहायच्या खोल्या. मागांची खटखट अशी की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. पण घर कसं होतं म्हणता! फरशी लख्ख, भांडी चकचकीत, भिंतीवर वेळापत्रक. काका वस्तीतले मानाचे, कुणाचं भांडण मिटवायचं तर लोक त्यांच्याकडे येत. पांढरा सदरा, आवाजात नम्रपणा. मला म्हणाले, “म्याडम, बिनमायबापाची पोट्टी आहे. वळण लावून राहिलो तिले. थोडा कडक आहो मी, खोटं नाही बोलत.”

काकूंनी चहा आणला. चांगल्या कपबशीत, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी रामटेके. माझ्या आजीला अशा घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं होतं. तिची नात त्याच उंबऱ्याच्या आत, खुर्चीवर, नक्षीच्या कपात चहा पीत होती आणि घरातला कर्ता पुरुष तिच्यासमोर हात जोडून उभा होता. मी विरघळले. दुसरा शब्द नाही.

आणखी एक गोष्ट होती. शिस्तीचं मला कौतुक होतं. आमच्या बाबांनी मला अभ्यासासाठी लाकडी पट्टीनं मारलं होतं आणि मी ते ठिकठिकाणी भाषणात सांगायची, “मार खाल्ला म्हणूनच ऑफिसर झाले!” लोक टाळ्या वाजवायचे. तेव्हा मनोहर काका म्हणाले ‘कडक आहो’, तर मला ते आमच्या बाबांसारखेच वाटले.

मी लिहिलं, ‘घर स्वच्छ व नीटनेटके. पालक शिस्तप्रिय. मुलीस घरी सोपवण्यास हरकत नाही.’ घर पास. वंदनाला न्यायला काका स्वतः आले. जाताना तिनं माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, लाजली असेल.

त्यानंतर मी तिला विसरले. खरंच विसरले. हाताखालून किती मुलं जातात.

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा कोर्टाकडून एक प्रकरण आलं. नागपुरातल्या एका पाळणाघरात काम करणाऱ्या बाईनं चार वर्षांच्या मुलीला मागच्या सामानाच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. मे महिना. खोलीला खिडकी नाही. तासाभरानं दार उघडलं तेव्हा मूल बेशुद्ध होतं. दोन दिवस दवाखान्यात होतं, वाचलं. बाईनं पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला. जामीन घ्यायला कुणी नव्हतं म्हणून ती जेलमध्येच होती. शिक्षा ठरवण्याआधी अहवाल द्या, असा आदेश होता. नाव वाचलं, वंदना. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

त्या लहान मुलीची आई मात्र माझ्या ऑफिसात आधी आली. उभ्यानंच बोलली. “तुम्ही लोक त्या बाईच्या बालपणाची चौकशी करणार म्हणे. करा. माझी मुलगी अजून संडासाचं दार लावू देत नाही. आमच्यापैकी कुणी खोलीत गेलं की दारात पाय घालून उभी राहते. तिच्या बालपणाची चौकशी कोण करणार?” मी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आजही आहे.

जेलमध्ये मुलाखतीच्या खोलीत वंदना आली. तिशी ओलांडलेली, अंगानं सुटलेली, कानाजवळचे केस पिकलेले. मला बघून थांबली.

“रामटेके म्याडम ना तुम्ही? लय म्हाताऱ्या झाल्या.”

मग मला ओळख पटली. गांधीबाग, ब्लाउजपीस, कामठी, सगळं एकदम आलं. मी वही उघडली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

“काहून केलं वं वंदना असं?”

“रडून राहिली होती पोट्टी. चूपच नाही होऊन राहिली. दुसरीबी लेकरं उठून गेली असती. मी म्हटलं, अंधारात बसली की चूप होते.”

“तुला कुणी सांगितलं, अंधारात बसवलं की मूल चूप होतं?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

“मी होत होती ना.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांच्या घरात सुताची खोली होती. सुताचे गठ्ठे ठेवायची, बाहेरून कडी असलेली. भाजीत मीठ जास्त पडलं, सुताची खोली. शाळेतून यायला उशीर, सुताची खोली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पाण्याविना. बाहेर पडवीत माग चालायचे, ओरडलं तरी कुणाला ऐकू जायचं नाही. कधी बाहेर काढल्यावर मागाच्या पट्ट्यानं मार, पाठीवर, कपड्याखाली. गांधीबागेच्या चोरीनंतर मी परत पाठवल्यावर काकांनी तिला पहिल्यांदा रात्रंदिवस आत ठेवलं होतं. “पळून जातं काय” म्हणून.

“मले तं दिवसदिवस ठेवत होते म्याडम. मी तं मेली नाही. हिले तासभर ठेवली अन् हिचे डोळेच फिरले.”

हे तिनं स्वतःची बाजू मांडायला सांगितलं नव्हतं. तिला खरोखरच नवल वाटत होतं. त्या नवलाची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या खुन्याचीही कधी वाटली नाही. कोंडलं की मूल मरू शकतं, हे या बाईला तिसाव्या वर्षानंतर कळलं होतं, दुसऱ्याच्या लेकरावर करून पाहिल्यावर.

मी उठायला लागले तेव्हा तिनं टेबलाची कड धरली. “माही परी कुठं आहे माहीत आहे का तुम्हाले?”

परी तिची मुलगी, सहा वर्षांची. नवरा दुसरीकडे संसार थाटून मोकळा झालेला. वंदनाला अटक झाली तेव्हा मुलीला कुठं ठेवायचं, हे मुलांच्या निवाऱ्याचा निर्णय करणाऱ्या समितीनं ठरवलं. जवळचे नातेवाईक म्हणून काका-काकू पुढे आले.

“मनोहर काकाकडे पाठवली तिले,” वंदना म्हणाली. “मले पाहिजे तेवढी वर्षं आत ठेवा. पोट्टीले तिथून काढा. मी कितीदा सांगितलं, कोणी ऐकूनच नाही राहिलं. म्हणतात, बाई स्वतः लेकरं कोंडते अन् काकाचं नाव घेते.”

मी तडक ऑफिसात आले. परीच्या नातेवाइकांच्या घराची तपासणी आमच्याच ऑफिसातून झाली होती. केली होती निखिलनं. निखिल म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेला आमचा सहकारी, हुशार, लाघवी, मला ‘मॅडम तुमच्यामुळे शिकलो’ म्हणणारा. मी त्याच्यापुढे फाईल आपटली. “तू कामठीला गेला होतास?”

त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, त्या आठवड्यात अकरा भेटी होत्या. अन् त्या घराचा जुना रिपोर्ट कपाटात होता. चांगलाच होता. मी तारीख बदलली फक्त.”

“कुणाचा रिपोर्ट?”

“तुमचाच, मॅडम. एक शब्द नाही बदलला.”

असले जुने कागद नियमानं नष्ट करायचे असतात. आमच्याकडे कपाटातलं काही नष्ट होत नाही. आणि निखिलवर मी आग पाखडणार होते, तेवढ्यात आठवलं, हे शिकवलं कुणी? मीच. ‘जुन्या रिपोर्टवरून मजकूर घेत जा रे, भाषा नीट बसते.’ झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वंदनाला मी एकदा त्या घरात पाठवलं होतं. आता माझ्याच अक्षरानं तिच्या मुलीलाही पाठवलं होतं.

त्याच दुपारी निखिलला घेऊन निघाले. ठाण्याला कळवलं नाही, कुणाला निरोप नाही. कामठीच्या शेअर ऑटोत आठ जणांत कोंबून, डोक्याला ओढणी गुंडाळून, ऊन असं की रस्ता थरथरत होता. निखिल वाटभर बाहेर बघत होता. मी मात्र बडबडत होते, कशाबद्दल ते आठवत नाही.

काका थकले होते, पण सदरा तसाच पांढरा. मला ओळखलं. “या, या म्याडम! अवं, चहा टाक.”

“चहा नको,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. काकूंचे हात पदराशी थांबले.

परी आली. दोन घट्ट वेण्या, अंगात इस्त्रीचा फ्रॉक. भिंतीशी अगदी सरळ उभी. सहा वर्षांचं मूल इतकं सरळ उभं राहत नाही. मी तिला त्रास-बिस काही विचारलं नाही. म्हटलं, “मला तुमचं घर दाखवतेस का?” काका पुढे झाले, “मी दाखवतो ना.” मी म्हटलं, “नाही, पाहुण्यांना घर लेकरांनी दाखवायचं.”

तिनं दाखवलं. हे सैपाकघर. इथं मी ताटं मांडते. ही तुळस. हे माग, इथं हात नाही लावायचा. मग एका बंद दारापाशी आली. बाहेरून कडी, चकचकीत पुसलेली. तिनं मला शाळेत बाईंना धडा म्हणून दाखवतात तसं सांगितलं.

“ही चूप बसायची खोली.”

निखिलनं कडी काढली. आत सुताचे गठ्ठे, आणि खाली कोपऱ्यात फरशीवर लहान मुलाच्या लघवीचा एक डाग, वास येणारा. निखिल बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला.

काका घाबरले नाहीत. मला वाटलं होतं गयावया करतील, नाकारतील. ते म्हणाले, “लेकराले वळण नको का लावायले? माह्या बापानं मले विहिरीत उलटं टांगलं होतं, दोरानं. म्हणून तं माणूस झालो मी. नाहीतं गेलो असतो वाया.”

मी त्यांना चार शब्द सुनावणार होते, पण मला माझंच भाषण आठवलं. ‘मार खाल्ला म्हणून ऑफिसर झाले.’ तेच वाक्य. मी तेच म्हणत आले होते, माईकवर. फरक एवढाच, की बाबांनी पट्टी उगारली त्या दिवशी आईनं मला पोटाशी धरलं होतं, आणि रात्री बाबा स्वतः माझ्या ताटात भाकरी मोडायला बसले होते. विहिरीतून वर काढल्यावर या माणसाला कुणी पोटाशी धरलं नसेल. सुताच्या खोलीतून निघाल्यावर वंदनालाही कुणी धरलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून माझ्या हाती जे काही आलं ते एवढंच. मार बसला का, एवढंच विचारून भागत नाही. मार बसल्यावर जवळ घेणारं कुणी होतं का, हेही विचारा. मनोहर काकांची मला कीव यावी की चीड, हे अजून ठरत नाही. दोन्ही येतात आणि एकमेकांत भांडतात.

परीला आम्ही त्याच दिवशी समितीपुढे नेलं आणि ती बालगृहात गेली. काकांवर पुढे रीतसर गुन्हा दाखल झाला. वंदनाच्या अहवालात मी सगळं लिहिलं आणि एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ‘सदर घराबाबतचा माझा पूर्वीचा अहवाल चुकीचा होता व त्यामुळे दोन मुलींचे नुकसान झाले.’ आमच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. “मॅडम, चार महिने राहिलेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? ‘परिस्थिती बदलली’ असं लिहा ना.” मी म्हटलं, परिस्थिती बदललेली नाही साहेब, तीच खोली आहे, तीच कडी आहे. पुढे माझ्याकडून खुलासा मागवला गेला, मी तो दिला, आणि सरकारी रीतीप्रमाणे तो कुठंतरी जाऊन बसला.

कोर्टात न्यायाधीश मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. वंदनाला बंधपत्रावर, देखरेखीखाली सोडलं. मुलांच्या ठिकाणी काम करायचं नाही अशी अट घातली. त्या लहान मुलीची आई मागच्या बाकावर होती. ती उठून निघून गेली आणि दार तिनं हळूच लावलं. आदळलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग प्रश्न आला परीचा. समितीनं मला विचारलं, मुलगी आईकडे द्यायची का? आणि मी म्हटलं, लगेच नको. सहा महिने बालगृहात राहू द्या, आईला दर रविवारी भेटू द्या, समुपदेशकाकडे जाऊ द्या, मग बघू. ज्या बाईचा सल्ला एकदा ऐकून दोन मुलींचं वाटोळं झालं, तिचाच सल्ला समितीनं पुन्हा ऐकला.

वंदनानं मला बाहेर गाठलं. चारचौघांत. “तेव्हा जिथं पाठवायचं नव्हतं तिथं मले पाठवलं. आता माही पोट्टी माह्याजवळ पाठवून नाही राहिल्या. तुम्हाले कधी बरोबर समजन का हो म्याडम, कोणतं घर चांगलं अन् कोणतं वाईट?”

लोक थांबून बघत होते. मी म्हणाले, “नाही समजत वंदना. म्हणूनच थांब म्हणतेय.” ती थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. मी रिक्षात बसून रडले आणि रिक्षावाल्यानं गाण्याचा आवाज कमी केला.

सहा महिने तिनं एक रविवार चुकवला नाही. दरम्यान मी निवृत्त झाले, हार-नारळ घेतला, भाषण केलं नाही. परी आईकडे गेल्याचं मला निखिलनं फोनवर सांगितलं. त्यानंतर मला चैन पडेना. दिवसा पुस्तक घेऊन बसले तरी पान तेच. बरोबर केलं की पुन्हा चुकले? फोन करायला हवा होता, नाही केला. निरोप देऊन जायची माझी सवय मोडली होती.

गेल्या महिन्यात एका दुपारी गेले. जरीपटक्याच्या पलीकडे एका चाळीत वरच्या मजल्यावर एक खोली आणि सैपाकघर. वंदना एका मेसमध्ये पोळ्या लाटते, सकाळ-संध्याकाळ. दुपारी घरी असते. मला दारात बघून तिचं तोंड कडू झालं. “काहून आल्या? पाहाले?”

“हो,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

“मंग पाहा.” ती बाजूला झाली. “आतल्या दाराले कडीच नाही ठेवली. न्हाणीलेबी पडदा लावला. अजून काय पाहायचं?”

परी आता सात वर्षांची, वेण्या सैल, गुडघ्याला खरचटलेलं. जमिनीवर पसरून पाढे लिहीत होती, म्हणजे लिहीत नव्हती. वंदना तिला दोनदा म्हणाली, “लिव ना वं.” तिसऱ्यांदा म्हणाली. पोरीनं वही भिरकावली. ती जाऊन आमटीनं भरलेल्या गंजावर आदळली, आमटी फरशीवर, वंदनाच्या पायावर, नुकत्या धुतलेल्या कपड्यांवर.

वंदनाचा जबडा आवळला. उजवा हात खांद्यापर्यंत वर आला, तो मी बघितला. मी उठून उभी राहिले. मग वंदना वळली, तशीच आमटीच्या पायांनी दाराबाहेर गेली आणि दार तिनं आपल्या मागं ओढून घेतलं. खिडकीतून दिसत होतं, ती जिन्याच्या वरच्या पायरीवर भर उन्हात बसली होती, दोन्ही हात काखेत दाबून.

परी उठली. फडकं आणलं, आमटी पुसायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तुम्ही घाबरू नका. आई मले बाहेर नाही बसवत. तिले राग आला की तीच जाऊन बसते.”

“रोज?”

“रोज नाही. काल नव्हती बसली.”

मी खाली बसले, पुन्हा उठले, खिडकीशी गेले. वंदनाची पाठ हलत नव्हती. शेजारच्या बाईनं खालून विचारलं, “काय वं, आज पुन्हा?” वंदनानं नुसती मान हलवली. बाहेरचं ऊन मला इथं खोलीत चटके देत होतं आणि तिला आत बोलवायचा धीर माझ्यात नव्हता. मी कोण बोलवणार?

परीनं फरशी पुसली, फडकं पिळलं, वही झटकली आणि ओल्या पानावर पाढा लिहायला घेतला. निम्मा झाल्यावर उठून दाराशी गेली, कान लावला, मग दार स्वतःच उघडलं.

“झालं काय वं आई?”

वंदनानं काखेतले हात सोडले. “झालं.”

“मंग ये आत.”